पोर्ट नंबर एक

दर दिवाळीला आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर जे दिवे नाचायचे ते माझी करामत आहे, असं अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या आमच्या गल्लीचं मत असावं, अशी माझी समजूत होती. मी ते कधी खोडून काढलं नाही. शिडीपाशी मीच दिसायचो ना! खरं सांगायचं तर मी शिडी धरणारा, वायर वर देणारा आणि वरून 'बाबा, होल्ड दिस' असा हुकूम आला की मुकाट्याने होल्ड करणारा माणूस. डोकं सगळं लेकीचं होतं.

आम्ही आधी दुबईत अल मनखूलला फ्लॅटमध्ये राहायचो. तिथे बाल्कनीच्या बाहेर काही टांगायला मनाई होती, म्हणून आमचा आकाशकंदील खिडकीच्या आतल्या बाजूला, पडद्याच्या दांडीला. पुढे अबू धाबीत नोकरी लागली आणि व्हिलाचा एक भाग भाड्याने मिळाला. अंगण, गेट, एक खजुराचं झाड, वर दोन खिडक्या. दहावीत असताना लेकीने कुठलेसे व्हिडिओ बघून पिक्सेलच्या माळा मागवल्या. साध्या माळेतले दिवे एकदम लागतात आणि एकदम विझतात. पिक्सेलच्या माळेत प्रत्येक दिव्याला त्याचा त्याचा रंग सांगता येतो. सांगतो तो कंट्रोलर, म्हणजे डब्यात बसवलेला तळहाताएवढा बोर्ड. त्याला चार पोर्ट, एकेका पोर्टातून एकेक माळ. आमच्याकडे असे दोन डबे, म्हणजे आठ माळा. कुठल्या दिव्याने कधी काय करायचं हे तिच्या जुन्या लॅपटॉपवर. दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर तिने दिव्यांचीच एक पणती केली होती, आणि त्या पणतीची ज्योत वाऱ्यावर हलावी तशी हलायची. दिवाळी झाली की त्याच माळा दोन डिसेंबरच्या इथल्या राष्ट्रीय दिनासाठी झेंड्याच्या रंगात न्हायच्या आणि जानेवारीतच खाली उतरायच्या.

गेल्या ऑगस्टमध्ये ती शिकायला कॅनडाला गेली. फोन रोज यायचा, पण चार वाक्यांत संपायचा. जेवलीस का, हो. थंडी आहे का, ओके आहे. कसं चाललंय, 'ऑल गुड, बाबा.' तिचं चांगलं चाललंय याचा आनंद मला होता, नाही असं नाही. पण मला अजून एक गोष्ट ऐकायची होती. तिला घराची आठवण येते, एवढं एक वाक्य. ते विचारून ऐकण्यात अर्थ नव्हता, आणि न विचारता ती ते म्हणत नव्हती. बायकोला हे सांगायची सोय नव्हती. ती म्हणाली असती, मूल रमलंय तर देवाला नमस्कार करा.

म्हणून मी ठरवलं की यंदाही दिवे लावायचे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या साडेसहाला तिच्याकडे सकाळचे साडेनऊ, दहाला लेक्चर. मधल्या अर्ध्या तासात तिला सगळा थाट फोनवर दाखवायचा. तो बघून तरी काही बोलेल.

"यंदा एक कंदील लावू आणि मोकळे होऊ," बायको म्हणाली. "नसते उद्योग कशाला?"

"मी इंजिनीअर आहे," मी म्हणालो.

"एसी डक्टचे," ती म्हणाली.

खोकी गच्चीवरच्या खोलीत होती. लेकीने जाताना प्रत्येक वायरीच्या टोकाला चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने काहीतरी लिहून ठेवलं होतं, हे मला माहीत होतं. मी खोकी उघडली तर पट्ट्या जागेवर, अक्षरं गायब. तीन महिने त्या खोलीच्या भट्टीत शाई उडून गेली होती. मी एकेक कोरी पट्टी उजेडाकडे धरून बघितली. तिचं अक्षर मला वाचता येत नाही म्हणून मी तिला आयुष्यभर बोललो होतो. त्या दिवशी मला ते कसंही चाललं असतं.

तरी माझा आत्मविश्वास दांडगा. पहिली संध्याकाळ एक माळ पेटेना म्हणून गेली. वायर तपासली, पुरवठा तपासला, विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पिक्सेलच्या माळेवर बारीक बाण असतात, निरोप त्याच दिशेने पुढे जातो, आणि मी ती शेपटाकडून जोडली होती. दुसऱ्या संध्याकाळी मी सगळं शिस्तीत मांडलं. माणूस घरात गेटमधून येतो, म्हणून एक आणि दोन नंबरला गेटचे दोन खांब. मग खजूर, मग दार, मग पणती, मग लेकीची खिडकी, आमची खिडकी आणि शेवटी गच्चीचा कठडा. दोन्ही डबे दिसायला सारखेच, त्यामुळे हाती आला तो पहिला समजून खाली गेटपाशी बसवला. ऑफिसात बावीस वर्षं ड्रॉइंग असंच वाचलं जातं.

तिसऱ्या संध्याकाळी बटण दाबलं आणि खजुराच्या झाडाने पेट घेतला. म्हणजे दिव्यांनीच, पण बुंध्यावरून वरपर्यंत ज्योत लवलवायला लागली. पणती असायला हवी तिथे झेंडूच्या तोरणाचे रंग पळत होते. लेकीची खिडकी हिरवीगार.

शेजारचे अरबाब, म्हणजे इथल्या बोलीत मालक, बाहेर खुर्ची टाकून बसले होते. सत्तरी ओलांडलेला स्थानिक माणूस. आमच्याशी तोडकंमोडकं हिंदी बोलतात. ते उठून गेटपाशी आले.

"हबीबी, नखल में आग!" खजुराकडे बोट दाखवत ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसत लेकीची चौकशी केली. "बिन्त किधर? बिन्त नहीं, तो ये काम खलास."

म्हणजे गल्लीला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. शिडीपाशी मी उगाच छाती काढून उभा राहायचो.

शेवटी लेकीला व्हिडिओ पाठवला आणि नाक मुठीत धरून फोन केला. आधी ती पोटभर हसली. तिचं ते हसणं ऐकून मला वाटलं, झाड आणखी चार दिवस जळलं तरी चालेल.

"कंट्रोलर इज फाइन, बाबा. तुझी ऑर्डर राँग आहे. पोर्ट वनला काय लावलंयस?"

"गेट."

"गेट? गेट इज लास्ट! पोर्ट वन इज माय विंडो. देन तुमची विंडो, देन पणती, देन कठडा. पहिला बॉक्स वरती. मग दुसऱ्यात दार, झाड, आणि गेट."

"अगं, पण माणूस गेटमधूनच आत येतो ना? मोजायला सुरुवात तिथूनच नको का?"

"बट आय वॉज ऑलरेडी इन्साइड, बाबा," ती म्हणाली. मग कुणीतरी तिला हाक मारली आणि 'बाय' झालं.

मी बराच वेळ शिडीच्या खालच्या पायरीवर बसून होतो. हे घर मी कायम बाहेरून बघितलं होतं. भाडं, करार, गळका कूलर, रंग उडालेलं गेट. तिला मोजायला बाहेर यावंच लागलं नव्हतं. तिच्या खिडकीला तिने पहिला नंबर दिला होता, आणि आता त्या खिडकीच्या आत इस्त्रीचे कपडे ठेवले होते. मला तिची फार आठवण आली. उगाच आडवळणाने कशाला सांगू, रडू आलं. मग उठलो, दोन्ही डब्यांची अदलाबदल केली आणि माळा तिने सांगितलेल्या क्रमाने लावल्या.

लक्ष्मीपूजन आटोपलं. बायकोने दारात रांगोळी काढली होती, तबकात करंज्या. सव्वासहाला मी बटण दाबलं आणि सगळं जसं हवं तसं झालं. लेकीच्या खिडकीपासून उजेड निघाला, आमच्या खिडकीवरून पणतीत उतरला, ज्योत हलली, कठडा, दार, झाड, आणि शेवटी गेट. गल्लीतली पाचसहा मुलं गेटबाहेर जमली. बायको तोंडावर पदर धरून बघत होती. "जमलं हो तुम्हाला," ती म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे पद्मश्रीच.

साडेसहाला फोन लावला. मी अंगणाच्या टोकाला जाऊन, हात उंच करून, सगळं घर फ्रेममध्ये येईल असा उभा राहिलो.

"दिसतंय का?"

"हॅपी दिवाली, बाबा! उम्म. नुसते डॉट्स दिसतायत. मागे सगळं ब्लॅक."

मी पुढे गेलो, मागे गेलो, फोन आडवा केला, उभा केला. खिडकीपाशी नेला, पणतीपाशी नेला. इतक्या झगझगाटात कॅमेऱ्याला दिव्यांशिवाय काही दिसतच नव्हतं.

"थांब, ब्राइटनेस कमी करतो. लॅपटॉप आणतो."

"नो, बाबा. कॅन यू टर्न इट ऑफ?"

"ऑफ?" मला खरंच राग आला. "चार दिवस राबलोय मी. साहेबांनी मीटिंग ठेवली होती, ती टाळून आलोय."

"आय नो. इट्स ब्यूटिफुल. पण ऑफ कर ना. आय वाँट टू सी द हाउस."

मी प्लग काढला. गेटबाहेर मुलांनी एकच ओरडा केला. दारावरचा नेहमीचा पिवळा बल्ब तेवढा उरला. त्याच्या उजेडात दार दिसायला लागलं, रांगोळी, चपलांचा रॅक, पायपुसणं, भिंतीवरचा पोपडा, दारात उभी राहिलेली तिची आई.

स्क्रीनवरचा लेकीचा चेहरा हलेना. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"हॅलो? दिसतंय का?"

"हलवू नको," ती म्हणाली. "तसाच धर."

मी धरला. ती बघत होती. आईने हात हलवला, तिला तोही दिसला असणार. मग तिचा आवाज आला, नाक चोंदल्यासारखा.

"बाबा, मला घरी यायचंय."

ऑगस्टपासून मला ऐकायचं होतं ते हेच. ते ऐकल्यावर आपल्याला बरं वाटेल असं मी का धरून चाललो होतो, देव जाणे. तिला ये म्हणता येत नव्हतं, परीक्षा होत्या. येऊ नकोस असं म्हणायला जीभ वळेना. बायकोला तिचा आवाज कळला होता. ती पायऱ्या उतरून माझ्याजवळ आली आणि तिने फोनसाठी हात पुढे केला.

"यल्ला, लाइट! लाइट!" गेटबाहेर मुलं ओरडत होती. मी फोन दिला नाही. एका हातात प्लग आणि दुसऱ्या हातात फोनमधली लेक, असा मी अंधाऱ्या अंगणात, तिचं लेक्चर सुरू होईपर्यंत घराकडे तोंड करून उभा राहिलो.