गुरुबसप्पा सरांचा वेगवान खो

आमच्या कॉलेजचे खो-खोचे गुरुबसप्पा सर वळसंगचे. घरी कानडी, मैदानावर मराठी. पण घाई झाली की परत कानडी. "बेग, बेग!" म्हणजे लवकर, लवकर. आणि घाई तर त्यांना कायमचीच. खो मिळाला की चार पावलांत पुढचा खो द्यायचा, समोरच्या पोरींना श्वाससुद्धा घेऊ द्यायचा नाही, हे त्यांचं शास्त्र.

लई भारी शास्त्र होतं, खोटं कशाला बोलू? पहिल्या दोन मिनिटांत तीन-तीन गडी बाद व्हायचे. समोरचे कोच कपाळाला हात लावायचे. पण नऊ मिनिटं तसं धावून झाल्यावर संरक्षणाला आम्हीच उतरायचो की! तेव्हा पाय कुठनं आणायचे? आमची कॅप्टन कौसर एकदा म्हणाली, "सर, मधे जरा दम राखू या की." सर म्हणाले, "दम राखायचा तर घरी बसून राखा."

बत्तीस वर्षं हेच शिकवलं, आणि विद्यापीठाची ढाल एकदाही हाती आली नाही. त्या वर्षी मेअखेर सर रिटायर होणार होते आणि फेब्रुवारीत आम्ही फायनलला पोचलो. ही शेवटची संधी, साऱ्यांनाच ठाऊक होतं. सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही सरांनी.

पहिल्या आक्रमणात आम्ही नऊ गडी टिपले. मग संरक्षणात दमून भराभर बाद झालो. शेवटच्या आक्रमणात बरोबरीला एक गडी हवा होता आणि दहा सेकंद उरले होते. मी चौकोनात बसलेली. मागून कौसर मला खो द्यायला येत होती, समोरून विरुद्ध संघाची पोरगी हातभर अंतरावरून पळत होती. सर ओरडले, "बेग!" आणि मी उठले. कौसरचा हात माझ्या पाठीला लागलाच नव्हता! खो मिळण्याआधी उठले म्हणून फाऊल. कौसरला उलट्या दिशेला वळावं लागलं, ती पोरगी निसटली आणि वेळ संपली.

एसटीत सर माझ्याशेजारी येऊन बसले. आता झाडणार, म्हणून मी ओढणी तोंडाला लावली. मला ते हवंच होतं, देवाशप्पथ.

"चूक तुझी न्हाय, पोरी. पळायला शिकवलं, थांबायला शिकवलंच न्हाय मी. फुडल्या साली बघ, आदी थांबायचं शिकवतो."

मग तिकिटाच्या पाठीवर चौकोन काढून ते सोलापूर येईपर्यंत समजावत राहिले. कुठल्या गड्यामागं दम राखायचा, कुठं एकदम उठायचं. आम्ही साऱ्या "व्हय सर, व्हय सर" म्हणत होतो. मे महिन्याचं नाव एकीनंही काढलं नाही.

सहा वर्षं झाली. मला ते फुडलं साल अजून हवंय.