सुंठ आणि बर्फ

माझ्या धाकट्या भावाचा जीव आमच्या थोरल्या बहिणीच्या सुंठेने वाचला, असे आमच्या घरात इतकी वर्षे सांगितले जाते. ते खोटे आहे. मी तिथे होतो. सांगणाऱ्यांपैकी निम्मे त्या वेळी इस्पितळासमोरच्या टपरीवर चहा पीत होते.

सकाळी दाढी करताना त्याला हृदयविकाराचा झटका आला. थांबलेले हृदय डॉक्टरांनी पुन्हा सुरू केले, पण तो शुद्धीवर येईना. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "दिवसभर शरीर थंड ठेवू. हृदयाची, मेंदूची प्राणवायूची गरज कमी होते, नुकसानही कमी होईल. आपल्याकडे हे नवीन आहे, हमी देत नाही. सही कोण करतंय?"

मी केली. नव्वदच्या दशकात मी द्राक्षांच्या शीतगृहात नोकरी केली होती. तोडलेला घडही श्वास घेत असतो. त्यातली उष्णता लगेच काढून घेतली, तर श्वास मंदावतो आणि घड टिकतो. मला आणखी समजावण्याची गरज नव्हती.

त्याच्या काखांत, जांघांत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. दुपारी अक्का आत आली, पायाला हात लावला आणि ओरडली, "अरे, हा गार पडलाय!" माणूस गार पडला, याचा आमच्यात एकच अर्थ होतो.

"मुद्दाम गार केलाय," मी म्हणालो.

"भाऊ आहे का द्राक्षाची पेटी?"

संध्याकाळी ती सुंठेची पूड घेऊन आली आणि नर्सची पाठ वळताच त्याच्या तळव्यांना चोळू लागली. नर्सने तिला दंडाला धरून बाहेर काढले. चोळणे झाले ते जेमतेम दोन मिनिटे.

दुसऱ्या दिवशी त्याला हळूहळू ऊब दिली. तिसऱ्या दिवशी डोळे उघडून तो पहिले वाक्य बोलला, "कसला वास येतोय?"

"सुंठेचा," अक्का म्हणाली. निकाल तिथेच लागला.

तो कशाने वाचला, हे मी सर्वांसमक्ष डॉक्टरांना विचारले. ते प्रामाणिक निघाले. "काका, थंड केलं नसतं तरी कदाचित वाचले असते." त्या 'कदाचित'चा अर्थ सर्वांनी माझ्याविरुद्धच लावला. तो गेला असता, तर मात्र सही कोणाची होती हे कोणीही विसरले नसते.

भाऊबीजेला तो अक्काच्या पायांवर डोके ठेवतो. मग माझ्याकडे वळतो, बोटे टेकवल्यासारखे करतो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "दादा, तुझे पाय नेहमी गारच कसे रे?"

सगळे हसतात. मी पाय आखडून घेतो.