निळ्या ओढ्याचं चंचुपात्रभर पाणी

मंडळी, तुमच्या गावचं एखादं पाणी तुम्हाला परत हवंय का? मला आज फार हवंसं वाटलं.

सकाळी प्रयोगशाळेत माझ्या विद्यार्थिनीनं जांभळाच्या पाल्याचा काढा केला. त्यात लोखंडाच्या क्षाराचं पाणी ओतताच काढा काळाकुट्ट झाला. ते काळं म्हणजे लोखंडाचे नॅनो कण! एरवी ते करायला जहाल रसायनं लागतात, इथं पाल्यावर भागलं. मग कापडाच्या निळ्या रंगाचं चंचुपात्रभर पाणी घेऊन त्यात ते कण टाकले. दुपारपर्यंत पाणी नितळ.

नव्वदच्या दशकात पलूसला आमच्या ओढ्यात रंगाच्या कारखान्याचं असलंच निळं पाणी यायचं. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, माझे वडील तिथंच बैल धुवायचे; त्यांना आम्ही दादा म्हणतो. एका बेंदराला आमचा सर्जा बैल काठावरच अडला, काही केल्या उतरेना. दादांनी त्याला विहिरीवर नेऊन बादलीनं धुतलं. त्यानंतर ओढ्यात कुणीच उतरलं नाही.

मघाशी दादांना फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, "लय भारी केलंस गं. आता सर्जा उतरला असता बघ."

फोन ठेवून मी चंचुपात्राकडं बघत बसले. एवढ्याशा पाण्यात सर्जाचा खूरसुद्धा बुडला नसता.