पितळी पाटीखालचं दुसरं झाड

वासंतीताई नाचणकर यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात मोठमोठी मंडळी लिहिणार आहेत. त्यांत माझं नाव बघून काहींच्या भुवया वर जातील. जाऊ देत. मी मूळचा गुहागरकडचा, बहरीनला सलमाबादच्या एका कंपनीत पाण्याचा टँकर चालवतो. रस्त्याकडेची आणि बागांतली झाडं जगवायची, हे माझं काम. ताईंच्या कार्याचे चार पैलू मांडा, असं संपादकांनी सांगितलं होतं. पैलूबिलू मला जमायचं नाही. घडलेलं सांगतो.

ताईंची आणि माझी ओळख झाली ती मुलीमुळे. बहरीनच्याच सनद भागात, त्यांच्या राहत्या घरी दर शुक्रवारी सकाळी मराठी मुलांचा वर्ग भरतो. आमची प्राची तेव्हा नऊ वर्षांची होती. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांच्या नोकरीपुढे मी ‘सुपरवायझर’ लिहिलं. माझी पत्नी क्लिनिकमध्ये नर्स आहे. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. घरात प्राचीलाही मी तेच सांगून ठेवलं होतं आणि युनिफॉर्म रोज कंपनीच्या यार्डातच बदलून यायचो. तिच्या शाळेतल्या मैत्रिणींचे वडील बँकेत नाहीतर ऑफिसात. पोरीला कमीपणा वाटू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ताईंनी फॉर्म वाचला, घडी घातली आणि चहा विचारला.

मराठीचा वर्ग म्हणजे श्लोक आणि गाणी, अशी माझी समजूत होती. ताई शिकवत होत्या या बेटाच्या पाण्याचा इतिहास. इथे समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते, मोती काढणारे बुडी मारून त्यातून पखाली भरून आणत, हे मला इतकी वर्षं पाणी वाहूनसुद्धा ठाऊक नव्हतं. मुलं उत्तरं इंग्रजीत देत, ताई प्रश्न मराठीतच विचारत. शिस्त कडक. एका मुलाने इंटरनेटवरून निबंध जसाच्या तसा उतरवला, तेव्हा त्याचे वडील चांगले मॅनेजर असूनही ताईंनी त्यांना समोर बसवून विचारलं, “हा तुम्ही वाचलात तरी का?” गृहस्थ गोरेमोरे झाले.

पुढच्या वर्षी ताईंनी एक वेगळाच विषय घेतला होता: निरनिराळ्या देशांच्या फर्स्ट लेडी आणि निसर्ग. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला स्वतःचं पद नसतं, पण तिच्या शब्दाला वजन असतं. ते कोणी बागांसाठी वापरलं, कोणी नद्यांसाठी, कोणी नुसतं फोटोसाठी, हे मुलांनी शोधायचं. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ताईंचा प्रश्न ठरलेला असे, “फोटो काढून झाल्यावर काय झालं?”

माझ्या रूटवरच्या एका बागेत एक झाड आहे. पूर्वी कधीतरी आलेल्या एका पाहुण्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने ते लावलं, अशी पितळी पाटी त्याच्या बुंध्याशी आहे. ताई मुलांना तिथे घेऊन गेल्या. हातात समारंभाचा जुना फोटो होता. फोटोतल्या रोपाची पानं रुंद होती. प्राची झाडाकडे बघून म्हणाली, “ताई, दिस इज कडुनिंब! बाबा पाडव्याला हेच आणतात.”

त्याच दुपारी ताईंचा फोन आला. “तुम्ही त्या बागेला पाणी घालता ना?” त्यांनी मला टँकरवर केव्हाच पाहिलं होतं. फॉर्मवरच्या शब्दाबद्दल मात्र दीड वर्षात त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. मी कबूल केलं. त्या पाहुण्या बाईंचं रोप थंड मुलखातलं, ते पहिल्याच उन्हाळ्यात करपलं. फोरमन म्हणाला होता, काहीही हिरवं आणून लाव, बोंब नको. मी नर्सरीतून कडुनिंब आणून लावला. पाटी तशीच राहिली.

“मुलांचा या विषयावरचा तक्ता वर्गाच्या प्रदर्शनात लागणार आहे. त्यावर हे यायला हवं,” ताई म्हणाल्या. “पण तुम्ही हो म्हणालात तरच.”

मी भडकलो. म्हटलं, ताई, तुमचा तक्ता राहील, माझी नोकरी जाईल, व्हिसा जाईल. ताई एवढंच म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे. आधी तुमच्या फोरमनना विचारू. मी येते बरोबर.” आणि खरंच आल्या. ऐन उन्हात, टॅक्सी करून, सलमाबादच्या यार्डात. फोरमनसमोर त्या म्हणाल्या, “यांनी आपणहून काही सांगितलं नाही. विचारलं मी.” फोरमन हसायला लागला. “झाड जिंदा है ना? तो मफी मुश्किल.” म्हणजे, काही अडचण नाही.

इतकी वर्षं ज्याला घाबरलो ते दोन मिनिटांत संपलं. पण खरी भीती वेगळीच होती. परत निघताना मी ताईंना म्हटलं, “प्राचीला तुम्हीच सांगा.” त्या म्हणाल्या, “ते मी करणार नाही. वडील तुम्ही आहात.” मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू?

पुढच्या शुक्रवारी माझी ड्यूटी होती. टँकर बाहेर उभा करून, युनिफॉर्मवरच वर्गात गेलो. मुलांना सगळं सांगितलं: रोप कसं मेलं, दुसरं कोणी लावलं, त्याला पाणी कोण घालतं. प्राची माझ्या शर्टाकडे बघत होती.

“मग सुपरवायझर?” तिने विचारलं.

“तो माझ्या वरचा. मी टँकर चालवतो. तुला खोटं सांगितलं.”

ताई मधे पडल्या नाहीत, याबद्दल मी आज त्यांचे आभार मानतो. प्राची उठली, तिने मार्कर घेतला आणि तक्त्यावर त्या बाईंच्या नावाखाली माझं पूर्ण नाव लिहिलं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

प्रदर्शनाच्या दिवशी मी लांब भिंतीशी उभा होतो. पाहुणे तक्त्यापाशी आले तशी प्राची माझ्याकडे आली, हाताला धरून पुढे घेऊन गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “माय फादर. ही ड्राइव्ज द वॉटर टँकर.” माझे डोळे भरून आले. आता मी यार्डात कपडे बदलत नाही.

ताईंचे गुडघे दुखतात, साखर वाढते आणि औषधं त्या विसरतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी औषधं वेळेवर घ्यावीत, त्यांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य मिळावं. हे मागणं माझ्यासाठी नाही, माझं काम झालं. इथे अजून पुष्कळ बापांना आपल्या मुलांशी खरं बोलायचं आहे, आणि ताई खोलीत बसलेल्या असल्या की ते जमतं.