पंखा कोणी धरला होता?

खरं सांगते, या भुताखेतांच्या विभागातले अनुभव मी आजवर डबा खाताना करमणूक म्हणून वाचत आले. पिंपळ, पैंजण, पांढरी साडी... अहो, भुतांना दुसरे कपडे मिळत नाहीत का? मी ऑटोमोबाइल डिप्लोमावाली. गाडी बिघडली की कारण असतंच, आणि सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं — एवढंच माझं अध्यात्म. आजही मत फारसं बदललेलं नाही. फक्त एका पंख्याचं कारण मला दीड वर्षात सापडलेलं नाही.

सोलापुरात हैदराबाद रोडला एका ट्रान्सपोर्टच्या वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. माझे वडील, आप्पा, भवानी पेठेत राहून जन्मभर ट्रकच दुरुस्त करायचे. डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी तरुणपणी इंजिनाच्या पट्ट्यात घालवली. तेव्हापासून त्यांचा नियम — पंख्यात कुणी हात घालायचा तर आधी बॅटरीची वायर काढायची, आणि दुसऱ्याने पलीकडून पातं धरून उभं राहायचं. धरलं की ते आमच्या घरच्या कानडीत म्हणायचे, "हिडदीनि." म्हणजे, धरलंय. मगच हात घालायचा.

मी हसायचे. "बंद इंजिनाचा पंखा धरून काय उपयोग, आप्पा? आणि चालू झालंच, तर तुमच्या हाताने थांबणार आहे का?"

"न्हाय थांबला तर न्हाय," ते म्हणायचे. "पर धरनारा तितं उभा असला की दुसरा कोन इंजिन चालू करत न्हाय की."

आप्पा गेले त्याला तेव्हा चार महिने झाले होते.

मे महिना, दुपारचे दोन. श्रीपूरहून साखर भरून आलेला ट्रक — लोड घेतला की इंजिन तापतं, ही तक्रार. मला फॅन क्लचचा संशय. इंजिन तापल्यावर पंख्याला जोर देणारा हा भाग, आत घट्टसर तेल असतं. बंद, गार इंजिनात पंखा हाताने फिरवला तर जड जायला हवा. गरागरा फिरला, तर तेल गेलं.

मेकॅनिक अशफाकभाई जेवायला गेले होते. ट्रकचे ड्रायव्हर, बार्शीचे महादूकाका, लिंबाखाली झोपलेत असा माझा समज. चावी माझ्या खिशात. बॅटरीची वायर... पाच मिनिटांचं काम म्हणून नाही काढली. ही चूक माझी, यात अमानवीय काही नाही.

गाडीखाली सरकले. पातं ढकललं. पंखा गरागरा फिरला! क्लच कामातून गेलेला. आता तेल मागून गळलंय का, एवढंच बोटाने चाचपायचं होतं. तिथेच पट्टे असतात. मधे एक पातं येत होतं, म्हणून ते बाजूला ढकललं —

हललं नाही.

पुन्हा ढकललं. नाहीच. आणि नीट ऐका — लोखंड अडकलं तर खट्कन थांबतं, हाताला कळतं. हे थोडंसं सरकायचं आणि परत यायचं. दोरी ओढताना पलीकडे माणूस आहे हे जसं समजतं ना, तसं. मला भीती वगैरे वाटली नाही, वैताग आला. टॉर्च घ्यायला मी हात बाहेर काढला.

त्याच क्षणी स्टार्टर वाजला.

नाकापासून वीतभर अंतरावर पट्टे पळत होते. मी किंचाळले. इंजिन बंद झालं, आणि महादूकाका वाकून खाली बघत होते. तोंड पांढरंफटक.

"आवं ताई! तुमी जेवाया गेलाय वाटलं मला... इंजिन चालू करून ब्रेकची हवा भरून ठिवावी म्हनलं."

"चावी माझ्याकडे आहे, काका!"

"दुसरी माज्याजवळ असती की..." म्हणाले आणि तिथेच मातीत बसून लहान मुलासारखे रडायला लागले. मी माझा उजवा हात बघत बसले होते.

अशफाकभाई आल्यावर आधी बॅटरीची वायर काढली, मग क्लच उतरवला. तेल पूर्ण गेलेलं. बेअरिंग चांगलं. खडा नाही, चिंधी नाही, तार नाही. एका बोटाने पंखा फिरत होता.

"म्याडम, ये तो फ्री फिर रा. जाम कायकू हुआ?"

मग त्यांनी पंख्यावर टॉर्च मारला. एका पात्याच्या रेडिएटरकडच्या अंगाला जाड धूळ एका जागी पुसली गेली होती. मी इंजिनाच्या बाजूने हात घातला होता, तिकडे माझा हात पोचतच नाही. जुनं असेल. पंखा काढताना कुणाचा लागला असेल. "देखो तो, उंगलियों के निशान हैं," ते म्हणाले आणि मोजायला वाकले...

मी फडकं घेतलं आणि पुसून टाकलं. डिप्लोमावाली मी, पण माझं तेवढं धाडस झालं नाही. तीन असती तर मी काय केलं असतं? आणि पाच असती, तर त्याहून जास्त रडले असते.

तो क्लच अजून माझ्या कपाटात आहे. अधूनमधून फिरवून बघते. कधीच अडकत नाही. तुमच्यापैकी कुणाला कारण सुचलं तर जरूर लिहा, मी खरंच वाचेन.

तोवर आमच्याकडे पंख्यात कुणाचाही हात जायचा असेल तर बॅटरीची वायर निघते, आणि पलीकडे मी स्वतः पातं धरून उभी राहते. "हिडदीनि," म्हणते. नवीन पोरं हसतात. मीही हसायचेच की. हसू देत... त्यांचे हात बाहेर येईपर्यंत मी पातं सोडत नाही.