पुढच्या चाकाचा तोल

गल्लीतले लोक त्यांना पाठीमागे ‘तंतोतंत’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. जमीनमोजणीच्या खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस, दर दुसऱ्या वाक्यात हा शब्द यायचाच. भिंतीवरचं घड्याळ तंतोतंत हवं, दाराची कडी तंतोतंत बसायला हवी, आणि सुनेनं चहा केला तर तोही कपाच्या काठाखाली तंतोतंत बोटभर. सून त्यांना नाना म्हणायची. ती आरोग्य केंद्रात नर्स होती. वाड्यावस्त्यांवर फिरून जखमा धुवायची, लसी टोचायची, बाळंतिणींना तपासायची. त्यामुळे सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणे, आणि हळूहळू नानाही तेच म्हणू लागले.

नानांचा मुलगा, म्हणजे सिस्टरचा नवरा, ग्रंथालयात कामाला होता. माणूस भोळेपणाच्या जवळ जाणारा साधा, पण हत्याराशी त्याचं कधी जमलं नाही. बल्ब बदलायला स्टुलावर चढला तर घरचे श्वास रोखून बघत. मोटरसायकलला तो आयुष्यात शिवला नाही, बसनं जायचा. म्हणून नानांची नजर अधू व्हायला लागली तेव्हा गाडीची किल्ली सुनेच्या हातात आली. किल्ली आली, चाकं मात्र आली नाहीत. टायर नानाच बदलणार, हे न बोलता ठरलेलं होतं.

त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका माळावर त्यांची गाडी पंक्चर झाली होती, जवळचं गाव चार तासांच्या चालीवर. गाडी ढकलत ते गेले, आणि तिथल्या पंक्चरवाल्यानं घाईघाईत बसवलेली ट्यूब परतीच्या वाटेवर पुन्हा फुटली. त्या दिवशी नानांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून त्यांच्या चाकाला परक्याचा हात लागला नाही. मागच्या व्हरांड्यात एका फळीवर त्यांची हत्यारं ओळीनं टांगलेली असत: टायर उचकटायच्या तीन लोखंडी पट्ट्या, म्हणजे लिव्हर, रबरी हातोडी, व्हॉल्व्हची पिन काढायची चिमुकली किल्ली, साबणाच्या पाण्याचा डबा. टायर बसवून झाला की ते चाक दोन स्टुलांच्या मध्ये एक्सलच्या दांड्यावर टांगून त्याचा तोल बघायचे. शेजारी गमतीनं विचारायचे, नाना, चाकाला झोपाळ्यात घातलंय की काय. नाना चाक आणखी एकदा फिरवायचे.

गेली दोन वर्षं सिस्टरला एक गोष्ट दिसत होती. नाना वर्तमानपत्र वाचायला बसले की त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप थरथरायचा, अंगठा आणि तर्जनी जणू एखादी गोळी वळत असल्यासारखी. शर्टाची बटणं लावायला त्यांना वेळ लागायचा. कप ते दोन्ही हातांनी धरू लागले होते. असे हात तिनं कामात कितीतरी पाहिले होते, त्यामुळे तिला सांगायची गरज नव्हती. पण नानांनी विषय काढला नाही, आणि तिनंही काढला नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन ‘आजोबा, हात दाखवा बघू’ म्हणणारी ही बाई स्वतःच्या घरात मूग गिळून बसली.

मग पुढचा टायर झिजला. नानांनी नवा टायर आणून व्हरांड्यात ठेवला आणि एका दुपारी, ती कामावर गेलेली नसताना, सुट्टीची झोप घेत असताना, चाक काढून कामाला बसले. आवाजानं ती उठली. दाराआडून तिनं पाहिलं: लिव्हर हातातून निसटत होती, पुन्हा बसवायची, पुन्हा निसटायची. शेवटी टायर चढला, पण आत ट्यूब चिमटून फाटली. नानांनी दुसरी ट्यूब घातली. तीही चिमटली. संध्याकाळी चहा घेताना ते म्हणाले की हल्ली रबरात दम राहिला नाही. मुलानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी नाना पेन्शनच्या कामाला बाहेर पडले तेव्हा तिनं चाक आणि टायर रिक्षात घातले, चौकातल्या टायरवाल्याकडून बसवून आणले, आणि नाना यायच्या आत चाक गाडीला लावून टाकलं. चाक लावण्याइतकं ती वर्षानुवर्षं बघून शिकली होती. म्हाताऱ्याचे कष्ट वाचले, असं तिला वाटलं. चांगल्या मनानं केलेली ती चोरीच होती, पण तेव्हा तिला ते सुचलं नाही.

त्याच दुपारी फेरीवर असताना वस्तीच्या सरळ रस्त्यावर गाडी साठच्या पुढे गेली आणि हँडल हातात थडथड करू लागलं. तिनं वेग उतरवला, जीव मुठीत धरून उरलेली फेरी पूर्ण केली आणि घरी येऊन काही बोलली नाही.

बोलायची गरजही पडली नाही. नाना रोज सकाळी फडकं घेऊन गाडी पुसायचे. दुसऱ्या सकाळी ते पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. टायरच्या कडेला फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. तो उलटा होता. टायरची हलकी बाजू दाखवणारा पिवळा ठिपका, जो जड व्हॉल्व्हच्या शेजारी यायला हवा, तो पार पलीकडे होता. नानांनी फडक्याची घडी घातली, ते आत गेले आणि त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

चार दिवस घरात शब्द म्हणून नव्हता. नाना सुनेशी बोलेनात, सून कारण सांगेना, आणि मुलगा दोघांच्या मध्ये भांबावून फिरत राहिला. त्यानं आधी बायकोला विचारलं, मग वडिलांना. वडिलांनी एवढंच सांगितलं की या घरात आता चाक कुठल्या दिशेला फिरतं हेही कुणी बघत नाही. मुलाला वाटलं, हे संसाराबद्दल चाललंय. त्यानं रात्रभर विचार केला आणि सकाळी बायकोला विचारलं, आपलं काही चुकतंय का. ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग तिनं त्याला सगळं सांगितलं.

पाचव्या दिवशी रविवार होता. सिस्टर जुनी सलवार घालून व्हरांड्यात आली. तिनं गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवला, पुढचं चाक काढलं आणि नानांच्या खुर्चीसमोर आणून आडवं ठेवलं.

“नाना, माझं चुकलं. तुम्हाला न विचारता मी हे बाहेर नेलं. आता मला शिकवा.”

नानांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. “मला करता येतं. शिकवता येत नाही.”

“मग मी करते. तुम्ही चुका काढा. ते तर येतं ना?”

पेपर हळूच खाली आला.

नाना शिक्षक म्हणून भयंकर होते. ‘तिथे नाही, तिथे’ असं म्हणायचे आणि बोट कुठेच दाखवायचे नाहीत. तिनं पिन काढून हवा सोडली. टायरची कड रिमला घट्ट चिकटलेली होती, तिच्यावर ती उभी राहून नाचली, साबणाचं पाणी ओतलं, टाच आपटली. कड सुटली तेव्हा ती घामानं भिजली होती. मग लिव्हर. पहिली लिव्हर आत गेली, दुसरीसाठी तिनं सगळं अंग झोकून दिलं, लिव्हर सटकली आणि तिच्या बोटांची सालं निघाली.

नानांना राहवलं नाही. ते खुर्चीतून उठले आणि खाली बसून त्यांनी लिव्हर स्वतःच्या हातात घेतली. तिचं टोक रिमवर टकटक वाजू लागलं. थांबेना. मग नानांनी लिव्हर तिच्या हातात परत दिली.

“जोर लावावा लागतोय म्हणजे कुठेतरी चुकतंय,” ते म्हणाले. “तू इकडे ओढतेस. समोर बघ. समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरव, गुडघा ठेव तिच्यावर. ती खाली गेली की इथे आपोआप जागा होते.”

तिनं समोरच्या कडेवर गुडघा रोवला. लिव्हर फिरवली. जी कड अर्धा तास हलत नव्हती ती लोण्यातून सुरी जावी तशी वर आली. तिनं नानांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते, पण मिशीखाली काहीतरी हललं.

त्या दिवशी तिनंही एक ट्यूब चिमटवली. नाना म्हणाले, “रबरात दम नाही,” आणि हे ते विनोदानं म्हणाले हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला. नवी ट्यूब आणून, तिला पावडर लावून, जराशी हवा भरून तिनं पुन्हा सुरुवात केली. बाण बरोबर दिशेला, ठिपका व्हॉल्व्हपाशी. शेवटची चार बोटं कड लिव्हरनं नाही, हातानं आणि साबणानं चढवायची, असं नानांनी बजावलं. पंप मारताना टायरची कड ‘फट्’ करून जागेवर बसली, तेव्हा मुलगा आतून धावत आला, कुणाला लागलं का बघायला.

तोल बघायचं काम दुपारी झालं. एक्सल चाकात घालून तिनं चाक दोन स्टुलांच्या मध्ये टांगलं. हलकेच फिरवलं की चाक फिरायचं, मंद व्हायचं, मागे झुलायचं आणि एकाच जागी थांबायचं. जो भाग तळाला येतो तो जड. मग त्याच्या बरोबर समोर, वरच्या स्पोकला, कथिलाच्या तारेचे वेढे द्यायचे. इथे हाताची थरथर आड येत नव्हती. नानांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि नुसते डोळे लावून बसले.

“अजून दोन वेढे.” चाक झुललं. “फार झाले. एक काढ.” पुन्हा झुललं. “शेजारच्या स्पोकवर घे.”

तासभर हे चाललं. शेवटी तिनं चाक जिथे सोडलं तिथे ते थांबलं. पाव फेरी फिरवलं, तिथे थांबलं. अर्धी फिरवलं, तिथेही. नाना पुढे वाकून बराच वेळ त्या स्थिर चाकाकडे पाहत होते.

“ठीक,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी गल्लीत कुणी ऐकली नव्हती.

सिस्टर हत्यारं पुसून फळीवर लावू लागली. मागून नानांचा आवाज आला.

“हे हाताचं काय आहे? तुला माहीत असणार.”

तिनं पुसणं थांबवलं नाही. “थोडंफार.”

“कधीपासून बघतेयस?”

“दोन वर्षं झाली.”

“बोलली नाहीस.”

“तुम्ही विचारलं नाहीत,” ती म्हणाली, आणि मग वळून त्यांच्यासमोर पायरीवर बसली. “खरं सांगू? मला भीती वाटली. बाहेरच्यांना सांगता येतं. तुम्हाला सांगायला जीभ उचलेना.”

नाना म्हणाले की तेही घाबरलेच होते. आरशासमोर दाढी करताना रोज ठरवायचे, आज विचारू, आणि गालावर कापलं की कापूस लावून गप्प बसायचे. हे सांगताना त्यांचा हात थरथरत होता, आणि या वेळी त्यांनी तो लपवला नाही. सिस्टरनं तो आपल्या हातात घेतला, सवयीनं नाडीवर बोट ठेवलं, मग नाडी न मोजताच नुसता धरून ठेवला.

त्याच आठवड्यात ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याला कंपवात म्हटलं, गोळ्या लिहून दिल्या, व्यायाम सांगितले. नानांनी गोळ्यांच्या वेळा कागदावर रेघा आखून लिहिल्या आणि मिनिटाचा फरक पडू दिला नाही. थरथर गेली नाही. पण बटणं लागू लागली, दाढी बिनरक्ताची होऊ लागली, आणि चहाचा कप भरून न देता अर्धा द्यायचा, एवढ्यावर घरानं निभावून नेलं.

आरोग्य केंद्रातल्या बाकीच्या नर्सना सिस्टरच्या टायरची गोष्ट कळली. त्यांच्याही गाड्या त्याच खडबडीत वाटांवर झिजत होत्या. एका रविवारी एक आली, पुढच्या महिन्यात आणखी दोघी. नाना खुर्चीत बसून त्यांच्या चुका काढायचे. त्यांच्यातली एक जण हट्टी होती, नेहमी जोरच लावायची. तिच्यावर नाना खेकसले, आणि तिनं उलट उत्तर दिलं तेव्हा खूश झाले. शिकवणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, पण शिकून मात्र सगळ्या गेल्या.

पुढच्या तपासणीला जायचं होतं तेव्हा बस चुकली. आजवर नाना कधी कुणाच्या मागे गाडीवर बसले नव्हते. सिस्टरनं हेल्मेट पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, पट्टा तिच्याकडून लावून घेतला आणि मागे बसले. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर गाडी लागली तशी तिच्या खांद्यावर टकटक झाली. थरथर आहे की हाक आहे, तिला कळेना. तिनं मान किंचित वळवली.

“साठवरच काय चाललीयस,” नाना वाऱ्यात ओरडले, “जरा पळव की.”