कॅरॅव्हॅनमधली चैत्रगौर

लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याने अबुधाबीहून एक फोटो पाठवला होता. एका पांढऱ्या कॅरॅव्हॅनच्या दारात तो उभा. मावशीने तो फोटो अख्ख्या सोसायटीत फिरवला. "जावयाचं घर चाकांवर आहे. आज इथे, उद्या तिथे. परदेशातले श्रीमंत लोक असेच राहतात." इंग्रजी मासिकांत मोटारीमागे घर जोडून डोंगर-समुद्र बघत हिंडणारी जोडपी मीही पाहिली होती. फोटोत चाकांच्या जागी सिमेंटचे ठोकळे होते, ते मात्र आम्हा दोघींनाही दिसले नाहीत.

आमची वसाहत शहरापासून तासाभरावर, नव्या हायवेच्या साइटला चिकटून होती. एका बाजूला मजुरांच्या लांबलचक केबिन, आणि वाळूचा पट्टा सोडून ज्युनिअर इंजिनियर, सर्व्हेयर वगैरे मंडळींच्या कॅरॅव्हॅन. कुणा गोऱ्या कुटुंबांनी सुट्ट्यांत वापरून टाकून दिलेल्या या गाड्या कंपनीने घाऊकात उचलल्या होत्या. आमच्या पडद्यांवर शिडाच्या होड्या छापलेल्या होत्या. जेवायचं टेबल खाली पाडलं की त्याचाच पलंग व्हायचा, त्यामुळे नवऱ्याचं जेवण उरकेपर्यंत मला आडवं होता येत नसे. पाण्याचा टँकर रोज यायचा असं कंपनी म्हणे. ड्रायव्हर म्हणे, इन्शाल्ला.

शुक्रवारी हायवेवरून खऱ्याखुऱ्या कॅरॅव्हॅन समुद्राकडे जायच्या, मागे सायकली बांधलेल्या. एखादं गोरं पोर खिडकीतून आम्हाला हात करायचं. त्याला बिचाऱ्याला वाटत असणार, आम्हीही पिकनिकलाच आलोय.

हे सगळं मी सोसलं असतं. पण जनरेटर!

पुरुष सकाळी साइटवर गेले की जनरेटर बंद. संध्याकाळी परतले की चालू. मधल्या वेळात आम्ही बायका त्या पत्र्याच्या डब्यात. एसी बंद, पंखा बंद, फ्रिजही बंद. चैत्र लागायच्या आधीच दुपारी भिंतीला पाठ टेकवायची सोय उरली नव्हती.

मी पुण्यात एका महिला संघटनेची पत्रकं लिहायचे. रॉकेलवर लिहिलं, वसतिगृहाच्या नळांवर लिहिलं. हळदीकुंकवावर तर इतकं जहाल लिहिलं की छापणाऱ्याने निम्मं कापलं. जिचा नवरा मेला तिला दाराबाहेर ठेवणारा सोहळा कसला, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. सांगायचा मुद्दा, गप्प बसायची सवय मला नव्हती. मी तडक कॅम्प बॉसकडे गेले.

"मॅडम, दिन में इधर कोई नहीं रहता," तो म्हणाला.

"मग मी कोण आहे?"

"आप विज़िट पे हैं. कागज़ पे ये बॅचलर कॅम्प है. खलास."

तर अशी गंमत. आम्ही सगळ्याजणी व्हिजिट व्हिसावर आलेल्या. बायकांनी कॅम्पमध्ये राहू नये हा नियम, आणि आम्ही राहत होतो हे सगळ्यांना ठाऊक. कंपनीने आमच्याकडे मोठ्या मनाने डोळेझाक केली होती. त्या डोळेझाकीत एसीही झाकला गेला होता.

शेजारच्या कॅरॅव्हॅनमध्ये रत्नागिरीकडची एक मुसलमान भाभी राहायची. तिचा नवरा सर्व्हेयर. तिचं तान्हं बाळ घामोळ्यांनी लाल झालं होतं. काही ठिकाणी घामोळं पिकलं होतं. ती दिवसभर त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून दारातल्या सावलीत बसायची, आणि सावली सरकली की तिच्यामागे सरकायची. शहरातल्या डॉक्टरने सरळ सांगितलं होतं, दिवसा थंडाव्यात ठेवा, नाहीतर गावी पाठवा. तिच्या नवऱ्याने महिनाअखेरचं तिकीट बघून ठेवलं. त्याला रजा दोन वर्षांतून एकदा.

"पोरगा बापाला अंकल म्हणंल गो ताई," ती मला म्हणाली. रडली नाही. फडकं पिळून पुन्हा बाळाच्या पाठीवर घातलं.

त्याच दिवशी मी निवेदन लिहिलं. 'आम्ही खाली सह्या करणाऱ्या भगिनी' अशी दणक्यात सुरुवात केली. सही एकीनेही केली नाही. एकजण तर माझ्यावरच उखडली, "सही केली की आम्ही इथे आहोत हे सिद्ध होईल. सिद्ध झालं की दुसऱ्या दिवशी विमानात. तुझी चळवळ होईल, माझा संसार जाईल!" मी चिडले खरी, पण तिचंही खरं होतं. नसलेल्या बायकांनी मागणी करायची कशी?

पाडव्याला मोठ्या साहेबांनी सगळ्यांना शहरातल्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. साहेब मराठी, प्रोजेक्ट मॅनेजर. जनरेटरचा नियम त्यांच्याच सहीचा. फ्लॅटमध्ये इतका गारवा की मॅडमनी अंगावर शाल घेतली होती. श्रीखंड वाढता वाढता त्या म्हणाल्या, "तुम्ही मुली तिकडे सणवार करता की नाही काही? संस्कृती आता आपणच टिकवायला हवी."

"करतो ना," मी म्हणाले. "चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे आमच्याकडे. तुम्ही यायलाच हवं."

नवऱ्याला ठसका लागला.

"अय्या, नक्की! संध्याकाळी ना?"

"दुपारी दोनला. संध्याकाळी पुरुष परत येतात. मग उभं राहायलाही जागा नसते."

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "तू? हळदीकुंकू?"

"गाडी चालव," मी म्हणाले.

ठरल्या दिवशी ओट्यावरच्या कपाटाला वाटीचा झोपाळा टांगून त्यात गौर बसवली. आंब्याची डाळ केली, पन्हं केलं. बर्फ अर्थातच नव्हता. मॅडम पैठणी नेसून आल्या. ड्रायव्हरने गाडी चालूच ठेवली, तिचा एसी बंद पडू नये म्हणून.

"अगं, एसी लाव ना," मॅडम आत पाऊल टाकताच म्हणाल्या.

"लागतो ना. संध्याकाळी."

"म्हणजे?"

"दिवसा इथे कुणी राहत नाही. साहेबांचा नियम आहे."

दाटीवाटीने बसलेल्या बायकांत खसखस पिकली. मॅडमना वाटलं मी थट्टा करतेय. त्या पदराने वारा घेत बसल्या. हळदीकुंकवाला आलेली सवाष्ण ओटी घेतल्याशिवाय उठत नाही, आणि ओटी मी शेवटाला ठेवली होती. आधी उखाणे. ज्या बाया सहीला तयार नव्हत्या, त्यांनी उखाणे घेतले ते नवऱ्याच्या नावापाशी पोहोचायला पाच-पाच मिनिटं लागतील असे. सगळ्या कटात सामील होत्या. मॅडमचं कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळलं.

"डाळ आंबट लागतेय गं जरा."

"कैरी आहे ना त्यात."

"कैरीची नव्हे. आंबलीय ही."

"हो का? सकाळीच वाटली होती. फ्रिजही दिवसा राहत नाही इथे."

एवढ्यात भाभी बाळाला घेऊन आली. मी तिच्या हाताला अत्तर लावलं, गजरा दिला. मॅडम माझ्या कानाशी पुटपुटल्या, "यांनाही बोलावतेस?"

"शेजारीण आहे," मी मोठ्याने सांगितलं.

भाभीने पन्ह्याचा पेला घ्यायला म्हणून बाळ मॅडमच्या मांडीवर दिलं. फडकं सरकलं. मॅडमनी ती पाठ पाहिली आणि त्यांचा वारा घ्यायचा हात थांबला.

"अगं बाई! काय झालंय याला?"

भाभी एक घोट घेऊन शांतपणे म्हणाली, "काय नाय बाईसाहेब. तो दिवसाचा इथं राहत नाय ना, म्हणून."

कुणी हसलं नाही.

मॅडम उठल्या. ओटी न घेता उठल्या. बाळ तसंच छातीशी धरलं, भाभीला पुढे घातलं आणि दोघांना आपल्या थंड गाडीत नेऊन बसवलं. काच अर्धी खाली होती, त्यामुळे त्यांचं मोबाइलवरचं बोलणं आम्हाला दारातून ऐकू येत होतं. "मीटिंगमध्ये असाल, मला काय त्याचं? नाही, संध्याकाळी नाही. आत्ता. मी इथेच बसून आहे, तो सुरू होईपर्यंत."

जनरेटर खोकला, धूर सोडला आणि सुरू झाला. बायकांनी टाळ्या पिटल्या. मी नाही पिटल्या, कारण मला ते लेखी हवं होतं.

ते दुसऱ्या दिवशी मिळालं. कॅम्प बॉसने ऑफिसच्या दारावर सूचना चिकटवली. सर्व्हेची उपकरणं आणि नकाशे उन्हाने खराब होऊ नयेत, यासाठी स्टाफ कॅरॅव्हॅनना दिवसभर वीज पुरवण्यात येईल. बायकांचा उल्लेख नाही. मुलांचा नाही. म्हणजे दुर्बिणीला उकडतं, हे कंपनीला समजलं होतं!

मी तो मजकूर उतरवून घेतला आणि तणतणत भाभीकडे गेले. याच्याविरुद्ध पत्रक काढायचंच, सगळ्यांच्या नावानिशी. हा आपला अपमान आहे, आपण काय टेबलावरच्या वस्तू आहोत?

"ताई, हळू," ती म्हणाली. "आत्ताच निजलाय."

बाळ एसीखाली हातपाय पसरून पालथं झोपलं होतं, अंगावर फडकं नव्हतं. तेवढ्यात तिचा नवरा, कधी नव्हे तो, भरदुपारी साइटवरून जेवायला आला. त्यानेही ती सूचना वाचली होती. बूट दाराबाहेर काढून तो बाळाशेजारी गुडघ्यावर बसला. "काय रे इन्स्ट्रुमेंटा," त्याने हळूच विचारलं, "खराब नाय ना झालास?" मग बायकोला म्हणाला, "तिकिटवाल्याला नको म्हणून सांगितलं."

भाभीने भात वाढायला घेतला. मलाही ताट मांडलं.